राऊल द्यूफीचं प्रदर्शन: फोव्ह चित्रं एकाच दालनात, कापडं अंधारात?

रंगपेटी: फ्रेंच चित्रकार द्यूफीच्या पूर्ण कारकिर्दीचं प्रदर्शन बघायचंय. आराखड्यात फोव्ह (भडक, वास्तवाशी न जुळणाऱ्या रंगांच्या) चित्रांना एकच दालन, छापील कापडांना दोन, तेही अंधुक. त्याचं भव्य चित्र 'विजेची परी' तर नाहीच. असं का? आणि बघायचं कसं?

सेझानपंथी: एक दालन रास्तच आहे. त्याचा फोव्ह काळ जेमतेम तीन वर्षांचा. १९०५ मध्ये चित्रकार मातीसचं 'लुक्स, काल्म ए व्होल्युप्ते' पाहून तो त्या वाटेला लागला, १९०६ मध्ये चित्रकार मार्केसोबत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रंगवत होता, आणि १९०८ ला चित्रकार ब्राकसोबत दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताकला गेल्यावर चित्रकार सेझानच्या ठोकळेबाज शैलीकडे वळला. १९०६ ची झेंड्यांनी सजलेली गल्ली आणि १९०८ चं लेस्ताकचं चित्र लागोपाठ बघा: रंग उतरलेले, घरांचे ठोकळे झालेले.

लक्समीटर: अंधार मुद्दाम केलेला असतो. कापड आणि कागदावरचं काम ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, तैलचित्रांना १५०-२०० चालतं. प्रकाशाचं नुकसान साठत जातं. ५० लक्स, रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. १५० लक्सवर तेवढं ३० दिवसांतच होतं. अतिनील किरण गाळले तरी साध्या उजेडानेही रंग उडतो, आणि उडालेला परत येत नाही. दालनात शिरल्यावर डोळ्यांना पाच-दहा मिनिटं द्या. मधेच मोबाईल पाहिलात की पहिल्यापासून.

ठसेवाला: कापडं घाईत उरकू नका, खरी गंमत तिथेच आहे. १९११ मध्ये त्याने फॅशन डिझायनर प्वारेसाठी कापडाचे नमुने केले, १९१२ ते १९२८ बियांकिनी-फेरिये या कंपनीसाठी. लाकडी ठशांच्या छपाईत प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा; एखादा जरा सरकला की रंग रेषेबाहेर जातो. कारखान्यात तो दोष. नंतरच्या शर्यतींच्या नि शिडांच्या चित्रांत द्यूफी तेच हवं म्हणून करतो: आधी रंगाचे रुंद पट्टे, वरून सुटी रेषा. शिडाच्या कडेपाशी बघा, निळा तिथे थांबतच नाही. या सवयीचं सगळं श्रेय ठशांना देणं जरा जास्त होईल, पण नातं नाकारता येत नाही.

सेझानपंथी: 'विजेची परी' हलवणार कशी? १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेलं ते काम प्लायवुडच्या २५० फळ्यांवर आहे, उंची १० मीटर, लांबी सुमारे ६०. ते पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयातच बघावं लागतं. त्याने आयुष्याच्या शेवटी त्यावरून दहा लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं) केले, तो संच लावलाय का ते विचारून ठेवा.