होतकरू, उमेदवार की आणखी काही? बेसबॉलमधल्या ‘प्रॉस्पेक्ट’साठी शब्द

एडिसनकर
फेब्रुवारीच्या मध्याला पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) फ्लोरिडा-ॲरिझोनात सरावाला हजर झाले, की आमच्या इथल्या मराठी टोळक्यात फॅन्टसी लीगचं, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या कागदी संघांच्या स्पर्धेचं, वारं सुटतं. यंदा प्रॉस्पेक्ट मंडळींची टिपणं मराठीतून लिहायचं मी अंगावर घेतलंय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, क्लबाशी करार झालाय, खेळतोय अजून खालच्या मायनर लीगमध्ये, पण पुढे काहीतरी करून दाखवेल अशी आशा आहे, तो प्रॉस्पेक्ट. वर्तमानपत्री ‘उदयोन्मुख’ नको, त्याला शाल-श्रीफळाचा वास येतो. ‘नवोदित’ तर साफ चूक. नवोदित म्हणजे आला. हा अजून यायचाय. मग होतकरू की उमेदवार? शिवाय टूल, सीलिंग, फ्लोअर, कंट्रोल, कमांड, ऑप्शन हेही आहेतच. सगळंच देवनागरीत उतरवून ठेवायचं तर मराठीत लिहायचा खटाटोप कशाला?

शब्दखोर
उमेदवार, डोळे झाकून. निवडणुकांनी हा शब्द पळवला, पण ‘शिकाऊ उमेदवार’ कारखान्यात अजून आहे आणि ‘अमक्या वकिलांकडे उमेदवारी केली’ हे जुन्या माणसांच्या तोंडी आजही ऐकू येतं. उमेदवारी म्हणजे राबणूक भरपूर, पैसा बेताचा आणि पुढे कायम होण्याची आशा. मायनर लीगचं याहून नेमकं वर्णन काय असणार? २०२३ मध्ये तिथल्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा डबल-ए पातळीचा (मायनर लीगची वरून दुसरी पायरी) किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलरवरून ३०,२५० वर गेला. त्याआधी पोरं एका भाड्याच्या घरात पाच-सहा जण दाटीवाटीनं राहायची. उमेदवारीच ती.

आकडेमोडे
शब्दखोर, युक्तिवाद झकास, पण शब्द चुकीच्या माणसाला चिकटतोय. २०२१ च्या फेररचनेनंतर ३० क्लबांचे प्रत्येकी चार, म्हणजे १२० संघ आहेत, वरून खाली असे: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए. त्याखाली ॲरिझोना, फ्लोरिडा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या नवख्यांच्या लीगा वेगळ्या. यात खेळणारा प्रत्येक जण उमेदवारी करतोय, हे कबूल. पण प्रत्येक जण प्रॉस्पेक्ट नाही. पुष्कळ जण संघ पुरा व्हावा म्हणून ठेवलेले असतात, आणि हे क्लबालाही ठाऊक असतं, बहुधा त्यांनाही. तेव्हा मायनर लीगचा कुठलाही खेळाडू तो उमेदवार आणि त्यातला निवडक तो होतकरू, अशी वाटणी करा.

होतकरूपण संपतं कधी, हेही ठरलेलं आहे. मेजर लीगमध्ये १३० ॲट-बॅट (फलंदाजीच्या पाळ्या) किंवा ५० इनिंगची गोलंदाजी ओलांडली, किंवा मुख्य संघात ४५ दिवस काढले, की गडी ‘रूकी’, म्हणजे नवखा, उरत नाही. याद्या करणारेही साधारण हीच रेघ धरतात, काही जण फक्त दिवसांची अट सोडून देतात. मराठी ‘होतकरू’ला असली मुदत नाही. आपल्याकडे माणूस चाळिशीपर्यंत होतकरू कवी राहू शकतो.

एडिसनकर
पटलं. होतकरू पक्का. आता टूल? हिटिंग, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण, ही पाच. ‘हत्यार’ म्हणवत नाही, ‘अवजार’ त्याहून नाही.

तालीमवाला
‘अंगचा गुण’ म्हणा की. वस्ताद पोरगं बघतो तेव्हा अंगचं किती आणि कमावलेलं किती, हे आधी वेगळं काढतो. पळण्याचा वेग आणि हाताची ताकद बरीचशी अंगची. फलंदाजी कमवावी लागते, आणि ती जमेल की नाही याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो.

दुसरं, स्काउट लोक (खेळाडू हेरणारे) ज्याला ‘प्रोजेक्टेबल’ शरीर म्हणतात त्याला आपल्याकडे आयता शब्द आहे: हाडापेराचा. खांदे रुंद, मनगटं जाड, उंची सहा फुटांवर, पण अजून अंगात भरलेला नाही. अठराव्या वर्षी असा पोरगा ताशी ९० मैलांनी चेंडू टाकत असेल तर बाविशीत ९५ टाकेल, असा हिशेब मांडतात. त्याच्या उलट उफाड्याचा. हा सोळाव्या वर्षीच बाप्या दिसतो, शाळेच्या सामन्यात चेंडू कुंपणापार मारतो आणि त्याची वाढ तिथंच संपलेली असते. टिपणात हे दोन शब्द आले तर अर्धं काम झालं.

मूकवाचक
अंगचं आणि कमावलेलं यावरून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवले. उत्तर प्रदेशचे, दोघंही भालाफेकीतले. २००८ मध्ये भारतात वेगानं आणि नेमानं चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली, तिच्यातून ते पुढे आले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरट्सनी त्यांना करारबद्ध केलं. हात अंगचा होता, बेसबॉल मात्र शून्यापासून शिकायचा होता. तरी रिंकू सिंगल-ए पर्यंत पोचला. मला त्याचं कौतुक वाटतं. फक्त ‘टूल’ म्हणजे ‘कौशल्य’ असं कुणी भाषांतर केलं तर हे दोघं कुठे बसवायचे?

आकडेमोडे
आता गुणांकडे या, कारण मराठी वाचक फसणार तो तिथंच. स्काउटची पट्टी २० ते ८० अशी असते. ५० म्हणजे मेजर लीगमधली सरासरी, आणि दर दहा गुणांची पायरी म्हणजे एक प्रमाण विचलन. आपल्याकडे पस्तिसाला पास करतात, म्हणून ३५ वाचून ‘बरा आहे’ असं वाटेल. इथं ३५ म्हणजे वरच्या लीगमध्ये त्या गुणावर निभाव लागणार नाही. उलट ५५ म्हणजे काठावर पास नव्हे, तो सरासरीपेक्षा चांगला. ८० इतके क्वचित देतात की दिले तर बातमी होते.

शिवाय प्रत्येक गुणाचे दोन आकडे असतात, आजचा आणि पुढचा. फलंदाजी ३०/५५ म्हणजे आज ३०, पिकल्यावर ५५. टिपणातली भांडणं होतात ती या दुसऱ्या आकड्यावरून. माझं मत विचाराल तर ‘गुणी’, ‘प्रतिभावान’ हे शब्द टिपणातून हद्दपारच करा. ते आजचं बोलतात की उद्याचं, ते कळत नाही. ‘आहे’ आणि ‘होईल’ ही दोन साधी क्रियापदं वापरा. “फेक ६० आहे, फलंदाजी ५० होईल.” संपलं.

शब्दखोर
मग सीलिंगला ‘मजल’. “याची मजल ऑल-स्टारपर्यंत”, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांपर्यंत. फ्लोअरला ‘निदान’: “निदान राखीव इन्फिल्डर तरी होईल.” कमाल-किमान नको, हवामान खात्याचं वाटतं.

एडिसनकर
मजल उत्तम. ‘निदान’ला मात्र दुखापतींच्या बातम्यांत घोटाळा होईल, “कोपराचं निदान” वगैरे. तिथं ‘किमानपक्षी’ वापरेन. आणि खालच्या पातळीवर धुमाकूळ घालणारा, पण वयानं मोठा, त्याला काय म्हणू? आमच्या जवळ न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला, बालाजीच्या देवळाच्याच गावात, न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए संघ आहे, सॉमरसेट पेट्रियट्स. तिथं एखादा सव्वीस वर्षांचा गडी ठोकाठोकी करतो आणि आमची मंडळी लगेच त्याला संघात घ्या म्हणतात.

तालीमवाला
वासरांत लंगडी गाय शहाणी. याहून चांगलं काही मिळणार नाही.

आकडेमोडे
अगदी. प्रॉस्पेक्ट जोखताना वय आधी, आकडे नंतर. एकोणीस वर्षांच्या पोरानं डबल-ए मध्ये फलंदाजीची सरासरी .२६० काढली, तर ती सव्वीस वर्षांच्या गड्याच्या .३२० पेक्षा भारी. मैदानही पाहा: ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की पाच हजार फुटांवर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो, आणि तिथले होम रन (कुंपणापारचे फटके) पाहून भाळलेले लोक एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला की हात चोळत बसतात.

मूकवाचक
पिचरच्या कंट्रोल आणि कमांडमध्ये फरक काय? दोन्हींना ‘नियंत्रण’च लिहिलेलं पाहिलंय.

तालीमवाला
कंट्रोल म्हणजे ताबा: चेंडू स्ट्राइक झोनमध्ये (फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीत) पडतो, फुकट वॉक (फलंदाजाला न मारता पहिला बेस) देत नाही. कमांड म्हणजे नेम: कॅचरनं ग्लोव्ह जिथं धरला, बाहेरच्या कोपऱ्यात गुडघ्याच्या उंचीला, नेमका तिथं. ताबा असून नेम नसलेला पिचर मायनर लीगमध्ये खपून जातो. वर त्याचा मधोमध आलेला चेंडू प्रेक्षकांत जातो.

शब्दखोर
‘ऑप्शन’ राहिला. याला ‘पर्याय’ लिहू नका. पर्याय खेळाडूला आहे असं वाटतं. हक्क क्लबाचा असतो. क्लबाच्या चाळीस जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीन हंगामांत वेव्हर्सच्या (इतर क्लबांना आधी देऊ करण्याच्या) भानगडीशिवाय खाली धाडता येतं. ही ‘मुभा’. “याची मुभा संपली” म्हटलं की मार्चअखेरीस काय होणार ते कळतं: एक तर मुख्य संघात घ्या, नाही तर इतर क्लबांनी उचलून नेण्याची जोखीम पत्करा.

एडिसनकर
तुमचे शब्द एका खऱ्या माणसावर चालवून पाहिले. २०२४ च्या हंगामाआधी जॅक्सन हॉलिडेबद्दल असं लिहिता आलं असतं:

“बाप मॅट हॉलिडे सात वेळा ऑल-स्टार. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या क्रमांकावर बाल्टिमोर ओरिओल्सकडे. २०२३ मध्ये एकोणिसाव्या वर्षी सिंगल-ए ते ट्रिपल-ए चारही पायऱ्या एका हंगामात चढला, तेव्हा वासरांतली गाय म्हणायची सोय नाही. हाच लहान वासरू होता. फलंदाजी ६०+ होईल. मजल: नेहमीचा ऑल-स्टार. किमानपक्षी रोजच्या अकरात.”

आकडेमोडे
‘रोजच्या अकरात’ नव्हे हो, नवात! क्रिकेट डोक्यातून जात नाही.

बाकी टिपण ठीक, पण पुढचंही सांगा. एप्रिलमध्ये वर बोलावला, ३४ ॲट-बॅटमध्ये दोन हिट, सरासरी .०५९, आणि महिना संपायच्या आत परत नॉरफोकला, ओरिओल्सच्या ट्रिपल-ए संघात. जुलैअखेरीस पुन्हा वर आला आणि पहिल्याच सामन्यात ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन). तेव्हा तुमचं टिपण चूक होतं का? मी म्हणतो नाही. ‘होईल’ला तारीख नव्हती. माइक ट्राउटसुद्धा २०११ मध्ये ४० सामन्यांत .२२० वर होता आणि पुढच्याच वर्षी .३२६, ३० होम रन, ४९ स्टील (चोरलेले बेस).

मूकवाचक
मग ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ याचं काय? माइक पियाझाला १९८८ मध्ये ड्राफ्टच्या ६२ व्या फेरीत घेतलं, तो हॉल ऑफ फेममध्ये. आणि १९९१ चा पहिला क्रमांक ब्रायन टेलर, मारामारीत खांदा दुखावला, मेजर लीगचा एकही सामना नाही.

तालीमवाला
पाय दिसतात. तो कुठं चालत जाईल, ते दिसत नाही.

एडिसनकर
‘नवात’ दुरुस्त केलं. आणखी एक अडलंय: ‘स्लीपर’, कुणाच्या फारसा लक्षात न आलेला होतकरू. ‘झोपलेला’ लिहिलं तर पोरगा आळशी वाटेल.

शब्दखोर
छुपा रुस्तम. आणि ते टिपण लीगच्या लिलावाआधी सगळ्यांना पाठवू नका, नाहीतर छुपा कसला!