आईला 'कार्ड बंद होणार' असे फोन येतायत, काय करू?

आई ७४ वर्षांची, साताऱ्यात एकटी असते. काल फोन आला की तुमचं आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांचं सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड) आज रात्री बंद होणार, ओटीपी सांगा. ती चष्मा शोधत होती तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या म्हणून वाचली, पण रात्रभर झोपली नाही हो.

– आधी त्यांना सांगा की चूक तुमची नाही. ७० वर्षांवरच्यांना ५ लाखांपर्यंतचं हे कव्हर फुकट आहे, हप्ताच नाही, मग पैसे मागितले की सरळ फोन ठेवायचा.

– माझ्या बाबांना 'आयआरडीएआयमधून (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बोलतोय, जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय' सांगून २२ हजार भरायला लावले. अहो आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही की बोनसही वाटत नाही! आम्ही तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवलं म्हणून निम्मे पैसे तरी बँकेत होल्ड झाले, त्यामुळे असं झालं तर घरात चर्चा करत बसू नका, आधी तो फोन लावा.

– मी सासूबाईंच्या फोनशेजारी कॅलेंडरवर मार्करने मोठ्ठं लिहून ठेवलंय, 'मुलीला विचारून सांगते'. त्या तेवढंच वाचून दाखवतात आणि ठेवतात.

– हे कॅलेंडरचं आजच करते, थँक्यू ताई.