पीएसएफएस इमारतीच्या उभ्या रेषा

फिलाडेल्फियाची १९३२ सालची पीएसएफएस (फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी या बँकेची) इमारत म्हणजे युरोपातील आधुनिकतावादाची, म्हणजे सजावट टाळणाऱ्या साध्या वास्तुशैलीची, अमेरिकेत उतरलेली शुद्ध प्रत, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. इमारतीच्या दोन वास्तुविशारदांपैकी एक, विल्यम लेस्केझ, ती शैली युरोपातून घेऊन आला हे खरे. परंतु इमारतीचे रूप ठरवण्यात बँकेचे अध्यक्ष जेम्स विलकॉक्स यांचा वाटा मोठा होता. दुसरे वास्तुविशारद जॉर्ज हाउ आणि लेस्केझ यांना आडव्या पट्ट्यांवर भर हवा होता, तर उंच इमारत उभीच दिसली पाहिजे, असा विलकॉक्स यांचा आग्रह होता. शेवटी लांब बाजूंचे खांब भिंतीच्या बाहेर आणून उभ्या रेषा ठळक करण्यात आल्या आणि मार्केट स्ट्रीट या रस्त्याकडील दर्शनी बाजूस मजले खांबांच्या पुढे काढून आडवे पट्टे राखले गेले. माझ्या मते या ओढाताणीमुळेच इमारत अधिक देखणी झाली.

व्यवहाराचा विचारही येथे पदोपदी दिसतो. रस्त्यालगतची मोक्याची जागा दुकानांना भाड्याने देता यावी, म्हणून बँकेचे मुख्य दालन एक मजला वर नेले आणि ग्राहकांसाठी सरकते जिने बसवले. गच्चीवरील सुमारे २७ फूट उंचीची लाल निऑन अक्षरे निव्वळ जाहिरात आहेत, असेही म्हटले जाते. मात्र त्या फलकामागे वातानुकूलनाची यंत्रसामग्री झाकलेली आहे, आणि त्या काळी पूर्ण वातानुकूलित उंच इमारती अमेरिकेतही अगदी विरळा होत्या.