जास्त जिंकला म्हणून तो बाप? ('पैज' यांना उत्तर)

पॅडॉकवाला
काल 'पैज' यांनी लिहिलं: "स्टडसाठी, म्हणजे पैदाशीसाठी, घोडा निवडायला अक्कल लागत नाही. ज्याने जास्त रेस मारल्या तो बाप. वंशावळ म्हणजे श्रीमंतांची पत्रिका." तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा.

अहो, १९९० च्या इंग्लंडच्या एप्सम डर्बीत रझीन हा घोडा फेव्हरिट होता आणि पार मागे राहिला. तोच भारतात आला आणि वर्षानुवर्षं आपल्याकडचा अव्वल बाप ठरला. उलट ब्रिगेडियर जेरार्ड १८ पैकी १७ जिंकला. बाप म्हणून त्याचं नाव आज कोण काढतं?

मी आकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी कोणाला हरवलं, दोन वर्षांचा असताना कसा पळत होता, घरी का बसवला. पायाचा टेंडन गेला म्हणून, की सहा वर्षांचा होईपर्यंत पायाला पट्टीसुद्धा लागली नाही म्हणून? मागच्या सीझनला पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, एक तगडा घोडा फिरत होता. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस, सईस अक्षरशः लोंबकळत होता. पुढचे गुडघे बघितले तर किंचित मागे गेलेले. जिंकला, लोकांनी टाळ्या पिटल्या. पण तेच गुडघे आणि तोच तापटपणा शिंगरांत उतरला तर तुम्ही पाळणार का?

पैज
रझीन एक सापडला की तो दहा वर्षं पुरवून वापरायचा, ही तुमची सवय जुनीच. फ्रँकेलवर बोला ना. १४ पैकी १४. गॅलिलिओने २००१ ची एप्सम डर्बी मारली, बाप म्हणूनही वरच. आणि रझीन तरी कोणाचा मुलगा? नॉर्दर्न डान्सरचा! उगाच नाही त्याला कोणी स्टडला घेतलं.

तिसरा_स्टँड
पैजराव, पत्रिका तुम्हीच काढलीत की आता 😄 फ्रँकेलही गॅलिलिओचाच मुलगा, आणि आई डेनहिलची मुलगी. शिवाय जिंकलेल्या घोड्याला घोड्या पण पहिल्या प्रतीच्या मिळतात. मग पोरं चांगली निघाली तर श्रेय कोणाचं?

माणदेशी
हेच विचारायला आलो. आमच्याकडं खिल्लार वळू ठेवायचा तर आधी त्याची आई बघत्यात. तिची कास, तिचा बांधा, किती वेतं झाली. बाप नंतर. आजोबा खोंडाच्या शेपटीला हात लावायच्या आधी गाय कुठं बांधलीय ते विचारायचे. तुम्ही सगळे बापाच्याच नावानं गळे काढताय.

पैज
झालं, आले बैल. रेसकोर्सच्या धाग्यात खिल्लार कशाला?

माणदेशी
का, तुमचं जनावर जनावर आणि आमचं काय खेळणं? २०१४ ला बैलगाडा शर्यतीवर कोर्टाची बंदी आली. आमच्या घरी एक खोंड होता, कोसा, शिंगं मागं वळलेली, पळायला उजवा. वळू म्हणून ठेवायचा हे घरात ठरलेलं. बंदी आली, शर्यत नाही तर किंमत नाही, वडलांनी खरसुंडीच्या यात्रेत मिळेल त्या भावात दिला. घेणाऱ्यानं औताला जुंपला. बंदी उठली २०२३ ला. तोवर त्या गायीच्या वंशातलं एक वासरू आमच्या दावणीला राहिलं नव्हतं. आणि त्या नऊ वर्षांत महालक्ष्मीच्या रेसकोर्सला चाबूक चालूच होता, हे पण लिहा.

तिसरा_स्टँड
चाबकाचं खरंय. पण शर्यतीला २०२१ च्या डिसेंबरातच परवानगी मिळाली होती ना? २०२३ चा तो अंतिम निकाल.

माणदेशी
बरं, सात वर्षं. खोंड परत आला का?

पैज
दादा, वाईट वाटलं, खरंच. पण कोर्टाचा राग माझ्यावर कशाला? मी फक्त रेकॉर्ड बघा म्हणालो होतो.

घोडेवैद्य
भांडण थांबवत नाही, फक्त भर घालतो. सिगार सलग १६ रेस जिंकला, मग स्टडला गेला. ३४ घोड्या दाखवल्या, एकही गाभण राहिली नाही. घोडा वांझ निघाला! वॉर एम्ब्लेमने २००२ ची केंटकी डर्बी मारली, जपानने दीड कोटी डॉलरच्या वर मोजून नेला, तर साहेबांना बहुतेक घोड्या पसंतच पडेनात. थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्यक्ष मेळ झालाच पाहिजे. म्हणजे रेकॉर्ड गेलं खड्ड्यात.

मी एका फार्मवर उमेदवारी केली तिथला टीझर आठवतो. काळा, बुटका, कुठल्याच वंशाचा नाही. रोज सकाळी कुंपणापलीकडून घोडीची मर्जी तपासायचा, लाथा खायचा आणि घोडी माजावर आहे म्हटलं की त्याला बाजूला घेऊन मोठ्या साहेबांना आणायचं. मोठे साहेब पाच मिनिटांत मोकळे. टीझरला वर एक गाजर.

तिसरा_स्टँड
टीझरसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

पॅडॉकवाला
सेक्रेटेरियट राहिलाच. १९७३ चा ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या रेस एकाच वर्षी, आणि मुलगे मात्र बापाच्या तोडीचे निघाले नाहीत. पण त्याच्या मुलींच्या पोटी ए. पी. इंडी आणि स्टॉर्म कॅट आले. माणदेशींचे आजोबा बरोबर होते, असं लिहायला जरा जड जातंय, कारण मी पंधरा वर्षं वंशावळीतली आईची पानं शेवटी वाचत आलो.

पैज
ठीक. वंशावळ, आई, गुडघे, घाम, मर्जी, सगळं मान्य. आता एवढं बघून तुम्ही आजवर किती बाप आधी ओळखलेत ते सांगा. आकडा द्या.

पॅडॉकवाला
दोन.

पैज
पंधरा वर्षांत! मी तर नाणं उडवूनही…

माणदेशी
येत्या रविवारी पुण्यात आहे. एक पास मिळंल का? तो गुडघा मागं गेलेला कसा दिसतो ते बघायचंय.

पॅडॉकवाला
पास नाही. तिकीट काढा, पॅडॉकच्या कठड्याशी उभे राहा. पैजही येतीलच, नाणं घेऊन.