अंजन की अंजनी?

विचारणा: अंजन आणि अंजनी ही एकाच झाडाची नावे का? एके ठिकाणी ‘अंजनाचा पाला गुरांना घालतात’ असे वाचले, दुसरीकडे माथेरानच्या अंजनाची निळी फुले आणि खायची फळे. बागेत लावायचे तर कोणते मागू?

उत्तर: ही दोन निराळी झाडे आहेत. पाल्याचे अंजन म्हणजे हार्डविकिया बिनाटा. आपट्याच्या नात्यातला, खानदेशासारख्या कोरड्या मुलखातला उंच वृक्ष. त्याला खायचे फळ नाही, चपटी पातळ शेंग असते. तुम्हाला हवे आहे ते मेमेसायलॉन अंबेलॅटम. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकरच्या सदाहरित रानात जांभळीच्या सोबतीने हेच दाटलेले असते. अडचण अशी की घाटमाथ्यावर यालाही सर्रास अंजनच म्हणतात, आणि ते चूक नाही. पण लिहिताना याला ‘अंजनी’ म्हणावे असे माझे आग्रहाचे मत आहे. नाहीतर रोप मागवणाऱ्याच्या दारात भलताच वृक्ष येतो.

विचारणा: फळ खरेच खातात? आणि हे झाड म्हणायचे की झुडूप?

उत्तर: खातात. जुन्या ग्रंथांत याच्या नावापुढे ‘एड्यूल’ लागते, त्याचा अर्थच खाण्याजोगे. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर काळेजांभळे, चवीला तुरट-गोड. आत बी एकच आणि गर बेताचा, त्यामुळे पोट भरण्यासाठी नव्हे, येता-जाता तोंडात टाकण्यासाठी. शेंड्यावर मुकुटासारखी कडा दिसली की ओळख पक्की. झाड आणि झुडूप दोन्ही शब्द चालतील. उघड्या कातळावर ते खुरटे राहते, दाट रानात लहान वृक्ष होते.

भर: तमिळमध्ये याला काया म्हणतात, आणि विष्णूच्या वर्णाला कायाच्या फुलाची उपमा देतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ही फुले पाहिली की ती उपमा मनोमन पटते. निळा रंग आपल्या रानात आधीच दुर्मीळ, त्यात इथे अख्खी फांदी निळी होते.

विचारणा: मग कुंपणाला लावून कातरले तर?

उत्तर: कातरणी सोसते, पाने बाराही महिने हिरवीगार राहतात, पण वाढ फार सावकाश. शिवाय फुलांचे झुबके जुन्या फांद्यांच्या पेरांवर येतात. सरसकट छाटाल तर हिरवी भिंत मिळेल, फुले आणि फळे मात्र जातील. एखादे रोप मोकळे वाढू द्या.