डिंकीचे जुने ‘एंटरप्राइझ’ यान घ्यावे का? मूळपणा आणि किंमत कशी पारखावी?

नमस्कार. मी मँचेस्टरजवळ राहतो. येथील शनिवारच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील एंटरप्राइझ यानाची, डिंकी टॉइज या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडने काढलेली धातूची प्रतिकृती (क्रमांक ३५८) खोक्यासह विकायला आहे. विक्रेते १४० पौंड सांगतात. माझे थोरले बंधू रत्नागिरीला असतात. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागत असे, तेव्हा आम्ही दोघे शेजाऱ्यांकडे जाऊन ती पाहत होतो आणि बंधूंनी वहीच्या पुठ्ठ्याचे असेच एक यान मला करून दिले होते. त्यांच्या साठीनिमित्त हे त्यांना द्यावे असे मनात आहे. यान इतके पांढरेशुभ्र आहे की नवा रंग दिला असावा अशी शंका येते. पुन्हा विकण्याचा विचार नाही, परंतु दिलेल्या पैशांत खरी वस्तू मिळावी एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुर्बीण:
आपली शंका रास्त आहे, पण पांढरेपणावरून निष्कर्ष काढू नका. डिंकीचा लिव्हरपूलमधील बिन्स रोडवरचा कारखाना नोव्हेंबर १९७९मध्ये बंद झाला, त्यामुळे हे यान पंचेचाळीस वर्षांहून जुने आहे. मात्र इतकी वर्षे अंधाऱ्या कपाटात, खोक्यात राहिलेला रंग पांढरा टिकू शकतो, आणि धूर्तपणे पिवळट छटा दिलेला रंग नवा असू शकतो. म्हणून रंगाच्या छटेपेक्षा रंगाची जाडी पाहावी. विजेरी तिरपी धरून यानाच्या पुढच्या गोल तबकडीच्या कडेवर आणि तळाच्या ओतीव अक्षरांवर उजेड पाडा. कारखान्यातील मूळ रंग पातळ असतो आणि त्याखाली अक्षरांच्या कडा धारदार दिसतात, तर वरून पुन्हा रंग चढवला असेल तर त्याच कडा बुजून साबणाच्या वडीवरील झिजलेल्या नावासारख्या बोथट होतात. नीट रंगवायचे तर यान सुटे करावे लागते, म्हणून रिवेट असो वा स्क्रू, त्याच्या डोक्यावर आणि भोवती हत्याराच्या खुणा आहेत का, ते भिंगाने बघा.

हे मी ठेच लागून शिकलो. संग्रहाच्या पहिल्याच वर्षी एका प्रदर्शनात मी डिंकीचे हिरवे थंडरबर्ड २ (‘थंडरबर्ड्स’ मालिकेतील यान) चांगले पैसे मोजून घेतले. या यानाची आधीची आवृत्ती हिरवी आणि नंतरची निळी असल्याने हिरव्याला अधिक मागणी असते. घरी आणून दिव्याखाली धरले, तेव्हा एका रिवेटच्या कडेला हिरव्या रंगाखालून केसाएवढी निळी रेघ डोकावत होती. ती रेघ मला अजूनही डोळ्यांसमोर दिसते.

यानंतर सुटे भाग. ३५८ क्रमांकाच्या यानात पोटातील झडपेआड छोटे प्लास्टिकचे शटल असते आणि तबकडीतून लहान चकत्या उडतात. मुलांच्या हातून हेच भाग आधी हरवतात. आता त्यांच्या हुबेहूब नकला वेगळ्या विकत मिळतात. नकला विकणे गैर नाही, परंतु त्यांना मूळ म्हणणे गैर आहे. नकलेच्या पृष्ठभागावर बहुधा बारीक बुडबुड्यांची भोके असतात आणि कडा किंचित गोलसर येतात. शेवटी यान समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून दोन्ही इंजिने तबकडीशी समांतर आहेत का, ते पाहा. इंजिनाचा वाकलेला खांब सरळ करण्याच्या फंदात मात्र पडू नका, कारण जस्ताचा हा मिश्रधातू लवत नाही, तुटतो.

पुठ्ठा_आणि_कागद:
खोक्याबद्दल दोन शब्द, कारण १४० पौंडांतील बराच भाग बहुधा त्याचाच असेल. छपाई दहापट मोठे करणाऱ्या भिंगाखाली पाहा. जुन्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक नक्षीत, छोट्या फुलांसारखे बसलेले दिसतात. घरगुती प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ते विस्कटलेले, फवारल्यासारखे दिसतात. जंबुकिरणांची (अल्ट्राव्हायोलेट) विजेरी रंगातील डागडुजी ओळखायला उपयोगी पडते, पण या खोक्यासाठी तिच्यावर विसंबू नका. कागद उजळ दिसावा म्हणून घातली जाणारी, त्या प्रकाशात चमकणारी द्रव्ये १९७०च्या दशकातील पुठ्ठ्यातही असू शकतात. चमक दिसली म्हणून खोके नवे, असे या काळाबाबत म्हणता येत नाही.

मोजमाप:
किंमत ठरवताना यान, खोके आणि सुटे भाग यांचा भाव वेगवेगळा मांडा आणि ऑनलाइन लिलावांत लोकांनी मागितलेले नव्हे, तर प्रत्यक्ष मोजलेले आकडे पाहा. ऑक्टोबर २०२३मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या चित्रीकरणात वापरलेले एक्स-विंग या लढाऊ यानाचे छोटे प्रारूप अमेरिकेतील लिलावात ३१ लाख ३५ हजार डॉलरला गेले. अशा बातम्यांचा दाखला देणारे विक्रेते मला भेटले आहेत, पण ते प्रारूप चित्रीकरणाच्या मोजक्या प्रारूपांपैकी एक होते आणि हे खेळणे कारखान्यात हजारांनी निघालेले आहे.

व्हर्जिनियाकर:
थोडी झीज दिसली तर नाराज होऊ नका. मालिकेच्या चित्रीकरणातील मूळ अकरा फुटी एंटरप्राइझ आमच्याकडे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात आहे. २०१६मध्ये त्याचे नूतनीकरण पूर्ण झाले, तेव्हा नंतरच्या काळातील रंग काढून टाकण्यात आला, परंतु तबकडीच्या वरच्या बाजूचा मूळ रंग तेवढा जसाच्या तसा राखला. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभा होतो. दहा वर्षांच्या मुलाने टवके पाडलेले, पण कोणीही न रंगवलेले यान मी चकचकीत केलेल्या यानापेक्षा केव्हाही आधी घेईन.

दुर्बीण:
रत्नागिरीला जाणार आहे हे आधी माझ्या ध्यानात आले नव्हते. मिश्रधातूत शिशाची भेसळ असेल तर दमट, उष्ण हवेत तो आतून भेगाळतो आणि त्यावर इलाज नाही. हा दोष प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत आढळतो, तरी खांबांच्या सांध्यापाशी बारीक भेगांचे जाळे नाही ना, याची खात्री करून घ्या. पावसाळ्यात यान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पुड्या ओल धरल्यावर बदलाव्यात. कोकणातील ओलीने धातूपेक्षा स्टिकरचा डिंक आणि पुठ्ठा लवकर खराब होईल.

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. काल भिंग आणि विजेरी घेऊन गेलो आणि विक्रेत्यांनी खुर्ची देऊन निवांत पाहू दिले. रंग मूळ निघाला. तळाची अक्षरे धारदार आहेत, स्क्रू कोणी उघडलेले दिसत नाहीत आणि ‘एनसीसी-१७०१’ या यानाच्या क्रमांकाच्या स्टिकरची एक कड आपोआप उचलली जाऊन तिच्याखालचा डिंक पिवळा पडलेला दिसतो. शटलवर मात्र बुडबुड्यांची तीन भोके होती आणि खोक्याचे ठिपके फवारल्यासारखेच होते. मी दोन्ही गोष्टी दाखवल्या. ‘मला खोके असेच मिळाले’ असे ते म्हणाले आणि मला ते खरे वाटले. शटल यानातच राहू दिले, खोके परत केले आणि ८० पौंडांना यान घेतले. डिसेंबरमध्ये हातसामानातून नेईन. डबा रत्नागिरीत घेण्याऐवजी इथूनच नेणार आहे, म्हणजे वाटेतही यान त्यातच राहील.