सातारा ते वाई सायकलने जायचंय, पण हायवे नको. आतले शांत रस्ते सांगा

पायडलमास्तर:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचाच, वय ४७. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेली सायकल एवढी वर्षं गॅलरीत टॉवेल वाळवायच्या कामाला होती, ती मागच्या वर्षी परत काढली. पहिली चूक केली ती सप्टेंबरात रविवारी कासला गेलो. यवतेश्वरचा घाट दम खात खात चढलो, वाटलं वर गेल्यावर तरी निवांत मिळेल, तर वर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची ही रांग, मागून हॉर्न, पुढून डिझेलचा धूर, आणि फुलांपेक्षा जास्त वेळ मी एका ट्रॅव्हल्सचा मागचा बंपर बघितला. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून कास आपलं राहिलं नाही हे माहीत होतं, पण एवढं?

तर आता असं ठरवलंय की दोन दिवस काढायचे, मुक्काम वाईत मावशीकडे. स्पीड, स्ट्रावा ॲपवर राईड मोजणं वगैरे काही नाही. नदीकाठची जुनी गावं, देवळं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), घाट बघत बघत जायचं, दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं. बायकोची एकच अट, हायवेने जायचं नाही. ३२ चे टायर आहेत, पुढे तीन मागे आठ गिअर. रस्ता कुठला धरू आणि कधी जाऊ?

कृष्णाकाठ_वाई:
दादा, अट ऐकून सांगतो, मग सायकल वाईपर्यंत टेम्पोत टाका. राग मानू नका. पाचवड फाट्यापर्यंत हायवेशी तुमची गाठ पडतेच, सर्व्हिस रोड मधेच सुरू होतो मधेच गायब होतो. त्यापेक्षा वाईत मावशीच्या दारातून सुरुवात करा, दोन्ही दिवस मोकळे मिळतील.

आता खरी गोष्ट. शांत रस्ता म्हणजे जो पुढे कुठेच जात नाही तो. पसरणीचा घाट दिसायला भारी, पण तो पाचगणी-महाबळेश्वरला जातो म्हणजे सगळं जग तिथून जाणार. याउलट धोम धरणाच्या पाण्याच्या कडेने बलकवडीवरून जोरला जाणारा रस्ता बघा. जोरला तो संपतो. पुढे सरळ उभे कडे, वर महाबळेश्वर, गाडी जायला वाटच नाही. त्यामुळे त्या रस्त्याला असतं कोण, तर गावातली माणसं, म्हशी आणि एसटी. जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर धरा. एका अंगाला कमळगड, खाली पाणी. मी पहाटे निघतो तेव्हा स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू येतो आणि मग लक्षात येतं की ऑइल घालायचं राहिलंय.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मेणवली करा, वाईपासून तीनेक किलोमीटरच आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि तिथली घंटा नीट बघा. १७३९ ला चिमाजीआप्पांनी वसई घेतली तेव्हाची पोर्तुगीज घंटा आहे ती, अंगावर मेरी आणि बाळ येशू, आणि टांगलीय आपल्या देवळात. शूटिंगवाले आलेले असले तर मात्र सरळ धोमला सटका. तिथे महादेवासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं वाटतं. कोरडं असलं तर निम्मी मजा गेली, म्हणून पावसाळा संपता संपता या. भर पावसात मात्र जोरच्या बाजूला नको. २०२१ च्या जुलैत या खोऱ्यात दरडी आल्या होत्या, लोकांनी काय भोगलंय ते इथे सगळ्यांना माहितीये.

चाकभटकी:
टेम्पो??? सायकल टूरची सुरुवात टेम्पोने? 😀 दादा, पहाटे साडेपाचला निघा, हायवेचा तुकडा उजाडेपर्यंत संपतो. वहिनींना मात्र तुम्हीच समजवा. आणि सरळ पाचवडला जाऊ नका, नागेवाडीच्या फाट्यावरून आत लिंबला वळा. बारा मोटेची विहीर सातारकर असून बघितली नसेल तर आधी तीच. १७१९ ते १७२४ च्या दरम्यान वीरूबाई भोसल्यांनी बांधली, खोली ११० फूट, आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल आहे. वर मोटांच्या जागा दिसतात, तिथे दगड घासून गुळगुळीत झालाय, हात फिरवून बघा. मे महिन्यातसुद्धा आत गार असतं.

वीरगळ म्हणालात म्हणून किकली सुचवते. भुईंजच्या बाजूला आहे, हायवे फक्त ओलांडायला लागतो. भैरवनाथाचं यादवकालीन देऊळ आणि आवारात वीरगळच वीरगळ. बघताना खालून वर वाचत जायचं. तळाच्या चौकटीत वीर पडलेला असतो, कधी शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गाई पळवणाऱ्यांशी लढताना गेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. त्याच्याही वर तो पिंडीची पूजा करतोय, आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. नाव मात्र बहुतेक दगडांवर कोरलेलंच नसतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाईत फोटो काढून निघाले होते, दुसऱ्यांदा दोन तास बसले. सकाळचं तिरकं ऊन असेल तर झिजलेलं कामही उठून दिसतं, बारा वाजता सगळं सपाट.

भडंगवाला_सांगली:
सगळ्यांनी देवळं सांगितली, उसाचं कुणीच बोललं नाही! मी रोज कृष्णाकाठानेच चालवतो म्हणून सांगतो, कारखाने सुरू झाले की आपला शांत रस्ता शांत राहत नाही. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाइट नाही, आत गाणं फुल्ल, तुमची घंटी त्याला ऐकू येत नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. मला एकदा कोपराला असा फटका बसलाय की आठवडाभर डाव्या हाताने जेवलो. त्यामुळे ऑक्टोबर गाठा. धरणाच्या वरच्या अंगाला ऊस कमी, पण वाई-पाचवड-भुईंज पट्ट्यात नोव्हेंबरपासून सांभाळून.

दुसरं, बाभळीचा काटा. सायकल रस्त्याकडेला बांधावर नेऊन टेकवू नका, सावलीचा मोह तिथेच नडतो. दोन ट्यूब, पंप, पॅच जवळ ठेवा. आणि काटा टायरमध्ये आतून चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, मी घातलीय, वीस मिनिटांत दुसरी पण गेली. धनगराची कुत्री आली तर पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत जा, मालक हाक मारतोच.

वाई झाली की आमच्याकडे पण या, देवराष्ट्राला सागरेश्वर आहे, लहानमोठी पन्नासेक देवळं एका जागी. भडंग माझ्याकडून.

पायडलमास्तर:
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण परवाच जाऊन आलो. टेम्पो की पहाट यावर घरात मतदान झालं आणि टेम्पो जिंकला, चाकभटकी ताई माफ करा. लिंब आणि किकली त्यामुळे राहिलं, ते डिसेंबरच्या आधी एका रविवारी वेगळं करीन.

धोमचं कुंड भरलेलं होतं. एक वाळकं पान कासवाच्या तोंडापाशी येऊन थांबलेलं, अर्धा तास तेच बघत बसलो. जोरच्या रस्त्याला सकाळी दोन तासांत तीन मोटरसायकली आणि एक एसटी, मी मोजल्या. बलकवडीच्या पुढे दोन चढांना उतरून ढकलली, पुढे तीन गिअर असले तरी गुडघे ४७ चेच. पंक्चर नाही. नाश्त्याची सोय वाटेत धरू नका, मावशीने बांधून दिलेल्या भाकरी-ठेच्यावर निभावलं.

जोरला पोचलो तर एक आजोबा पायरीवर बसले होते. त्यांना विचारलं, पुढं रस्ता कुठं जातो? म्हणाले, "महाबळेश्वरला जातोय की. पर आता तू तिच्यावर बसून आलास न्हवं, हितनं ती तुझ्यावर बसंल."